दोन गुंठे गेले कोठे?

बांधावरची हातभर माती सरकली, तर आमचा शेतकरी कोर्टाची पायरी चढतो. पण त्याच्याच मुलाच्या वहीतून दोन गुंठे नाहीसे होतात, त्याचा घरात कोणाला पत्ताही नसतो!

ही थट्टा नव्हे. करवीर तालुक्यातील एका खेड्यात आम्ही नववीच्या मुलांस विचारले, "अ अधिक ब यांचा वर्ग किती?" बहुतेकांनी सांगितले, "अ वर्ग अधिक ब वर्ग." मग त्यांना दोरी देऊन मैदानात ३३ फूट लांब व तितकाच रुंद चौकोन आखावयास लावला. हा एक गुंठा. प्रत्येक बाजू आणखी ३३ फूट वाढविली, तर किती गुंठे होतील? "दोन," असे उत्तर आले. आखून पाहतात तो चार! एक गुंठा अ वर्गाचा, एक ब वर्गाचा. उरलेले दोन म्हणजे अ गुणिले ब, दोन वेळा. सूत्रातून गळालेले ते हेच. पुढे ३३ व २० फूट घेऊन एका मुलीने तीच आकृती काढली: १०८९, ४००, आणि ६६० दोनदा, बेरीज २८०९, म्हणजेच ५३ चा वर्ग.

मुले मठ्ठ नव्हती. वस्तू दाखविण्याआधी सूत्र घोकविले, हा दोष शिकविण्याचा.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी जे शिक्षण मागितले, त्यात हिशेब होता. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून शाळेचे दार उघडले. आणि २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात सूचना आली, की दहावीस गणितात व विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर पास करावे. मात्र अशा मुलास पुढे त्या विषयांच्या वाटेस जाता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. नापासाचे दुःख टळावे, हा हेतू चांगलाच. परंतु तो शेरा कोणाच्या कपाळी येईल? ज्याच्या घरी शिकवणीला पैसा नाही, त्याच्याच! एक दार उघडून दुसरे लावून घेणे, याला उपकार म्हणावे काय?

शिक्षकबंधूंनो, उत्तर चुकले म्हणजे छडीकडे पाहू नका, "तू हे कसे केलेस?" एवढे विचारा. चूक कोठे झाली, ते मूल स्वतःच सांगेल. अपूर्णांक भाकरीच्या तुकड्यांवर, शेकडेवारी डेअरीच्या फॅटवर, त्रिकोण सुताराच्या गुण्यावर दाखवा. अक्षरे व सूत्रे त्यानंतर.

आणि आईबापहो, "आपल्या डोक्यात गणित बसत नाही," हे वाक्य घरातून हद्दपार करा. जो तिरक्या वावराचा अंदाज डोळ्यांनी घेतो, जो पायाचे माप पाहून चामडे बेततो, त्याच्या डोक्यात गणित नाही असे कोण म्हणतो? कारखान्याच्या उसाचे बिल आले की ते मुलीच्या हाती द्या व प्रत्येक आकडा कोठून आला ते विचारा. गुंठ्यासाठी भांडणाऱ्यांनी मुलांच्या वहीतले गुंठेही सोडू नयेत.