शस्त्रक्रियेनंतरची शाळा

विज्ञानाने फार मोठी मजल मारली आहे, असे आपण निबंधात नेहमी लिहितो, आणि ते खरेही आहे. सुमारे ५,००० जन्मांमागे एक बाळ गुदद्वाराच्या जन्मजात दोषासह जन्माला येते. अशा अनेक बाळांच्या पोटावर शस्त्रक्रियेने आतड्याची वाट काढतात, तिच्यावर पिशवी चिकटवतात, आणि पुढच्या शस्त्रक्रिया पार पडल्या की ती वाट बहुधा बंद करतात. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशी नसल्या तर मळ पुढे सरकत नाही. त्या विकारातही काही मुलांवर हाच उपाय करावा लागतो.

जीव वाचतो, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु शस्त्रक्रिया काही तासांची आणि पिशवी चोवीस तासांची! ती घरी कशी सांभाळावी हे शिकवणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे आणि ते शिक्षण मुलाच्या वयाबरोबर बदलत गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मूल लहान आहे, त्याला काय कळते?’ असे म्हणून आपण हा प्रश्न झटकून टाकतो. पहिलीच्या वर्गात कोणी बीजगणित शिकवत नाही. पण म्हणून पहिलीचा वर्गच कोणी बंद करीत नाही.

पहिल्या वर्षात विद्यार्थी असतात ते आई-वडील. पोटावरचे ते तोंड ओठाच्या आतल्या बाजूसारखे लाल व ओलसर असते. त्याला स्पर्शाने वेदना होत नाही. पुसताना थेंबभर रक्त आले तर घाबरू नये; मात्र ते काळे-निळे पडून तसेच राहिले तर तडक रुग्णालय गाठावे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. कातडी धुवायला साधे कोमट पाणी पुरते. तेलकट साबण वापरला तर पिशवी नीट चिकटत नाही. एवढे ज्ञान आईबरोबर वडिलांना आणि आजीलाही हवे, नाहीतर आईला एक रात्रही स्वस्थ झोप मिळायची नाही.

एक ते तीन हे हाताला लागेल ते ओढण्याचे वय. म्हणून पिशवीपर्यंत हात पोचणार नाही असा अंगभर कपडा घालावा. ‘मी करणार’ हा हट्टही याच वयातला. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली बालपणाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांत या स्वायत्ततेच्या ओढीला मोठे स्थान आहे. मग मुलाच्या हाती ओले फडके धरायला द्यावे. आणि मोठ्यांनी नाक मुरडू नये. मूल शब्दांआधी चेहरा वाचते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटते, आपण खोड्या केल्या म्हणून ही शिक्षा झाली. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे आपल्या घरोघरीचे वाक्य त्या समजुतीला खतपाणीच घालते. बाहुलीच्या पोटावर पिशवी चिकटवून खेळता खेळता समजावले तर भीती कमी होते. सहा ते बारा या वयात मूल आधी पिशवी रिकामी करायला व पुढे बदलायला शिकू शकते. त्याच्या दप्तरात जादा पिशवी हवी, आणि वर्गात न विचारता शौचालयास जाण्याची मुभा हवी. ज्यांची पिशवी पुढेही राहते अशा किशोरांशी डॉक्टरांनी थेट बोलावे, आईकडे पाहून नव्हे. एकांत हा त्यांचा हक्क आहे.

आता भाषेविषयी. आमच्या गल्लीतील एका मावशींना रुग्णालयातून घरी येताना सूचनांचा कागद मिळाला, तो इंग्रजीत. मावशींचे शिक्षण कानडीतून सातवीपर्यंत. शेवटी वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने, म्हणजे मी, तो त्यांना कानडीत वाचून दाखवला. ज्याच्यावर बाळाची प्रकृती अवलंबून आहे, तो मजकूर असा वाटेवरच्या माणसावर सोपवावा काय? वास्तविक विषय अवघड नाही. ‘स्टोमा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ तोंड. कानडीत त्याला ‘बायि’ म्हणतात. एवढे सांगताच मावशींना तो शब्द परका राहिला नाही.

‘डॉक्टरांना एवढा वेळ कुठे?’ हा आक्षेप रास्त आहे. पण शिकवणारा डॉक्टरच हवा असे नाही. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी हे काम नॉर्मा गिल यांच्याकडे सोपवले. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. स्वतः पोटावर पिशवी बाळगणाऱ्या रुग्ण होत्या. पुढे त्यातूनच प्रशिक्षणाची परंपरा उभी राहिली.

आम्हा वाणिज्यवाल्यांना हिशेब सुटत नाही. मावशींच्या बिलात खाट, औषधे, पिशव्या अशी सगळी कलमे होती. शिकवण्याच्या तासाचे कलम नव्हते. पिशवीचे भोक बेताचे न कापल्यामुळे ती गळते, कातडी सोलवटते, आणि एकीच्या जागी तीन पिशव्या खर्ची पडतात. शिकवण्याचा तास वाचवला म्हणून नफा झाला असे मानणारा मुनीम कोणी नोकरीवर ठेवणार नाही.

मग आपण काय करावे? बेळगावात घराघरांत दोन भाषा नांदतात. आपल्या या अंकाचेही मराठी व कानडी असे दोन विभाग आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी डॉक्टर व परिचारिकांकडून तपासून घेऊन, वयवार सूचनांचे एकेक पान दोन्ही भाषांत तयार करावे आणि रुग्णालयांना द्यावे. त्यासाठी वैद्यकीची पदवी लागत नाही. मराठी आणि कानडी लागते, आणि ती आपल्याजवळ आहे.