एकच माणूस, तीन बोर्ड

वॉलॉंगॉंगमध्ये संध्याकाळी साडेपाचला लॅपटॉप मिटला की मी नॉर्थ बीचवर फिरायला जातो. दक्षिणेला पोर्ट केंब्लाचा पोलाद कारखाना दिसतो. तेव्हा पुण्यात दुपारचा एक वाजलेला असतो आणि माझ्या टीममधल्या एका मुलीचा अर्धा दिवस अजून बाकी असतो. अर्धा, म्हणजे माझ्या हिशेबाने. तिच्या हिशेबाने किती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आमची टेस्टिंगची टीम सामाईक आहे. पुण्यातली तीच मंडळी माझ्यासह तीन प्रोजेक्टची कामं करतात. कोणाकडे किती काम आहे, हे प्रोजेक्टच्या बोर्डावर रंगीत पट्टीने कळतं. हिरवी म्हणजे जागा आहे, लाल म्हणजे जास्त झालं. मी तिचे आठवड्याचे वीस तास धरले होते. तिची पट्टी कायम हिरवी. मग काय, आणखी एक काम सरकवायला मला काहीच वाटायचं नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याला ताईकडे गेलो होतो. भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फराळाची ताटली बाजूला सारून तो लॅपटॉपवर बसलेला. डोकावून पाहिलं तर तसाच बोर्ड! एक नाही, तीन. तो हसत म्हणाला, "मामा, तिन्हीकडे मी हिरवाच आहे." ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमच्या त्या बोर्डात जेवायची वेळ धरतात का रे?"

मला उत्तर सुचलं नाही.

परत आल्यावर त्या मुलीला फोन करून विचारलं, "बाकीच्यांचं किती काम आहे तुझ्यावर?" ती आधी म्हणाली, "सर, होतंय मॅनेज." आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. खोदून विचारलं तेव्हा आकडे आले. माझे 20 तास, दुसऱ्याचे 16, तिसऱ्याचे 12. एकूण 48, आणि आठवडा धरलेला 40 तासांचा. मीटिंगा त्यात नाहीतच. गौरी-गणपतीला गावी जायचं तिने रद्द केलं होतं. कारण होतं माझं रिलीज. आमच्या कॅलेंडरात न्यू साउथ वेल्सच्या सगळ्या सुट्ट्या होत्या, गणपती नव्हते.

दोष सॉफ्टवेअरचा नाही. जे मांडाल त्याचीच बेरीज ते करतं. आम्ही तिघांनी आपापला प्रोजेक्ट वेगळा मांडला होता. तिची बेरीज कोणाच्याच वहीत नव्हती. शिवाय माणूस शंभर टक्के भरला म्हणजे काम लवकर होतं, हाही गैरसमजच. काम अनियमित येत असेल तर रांगेचं साधं गणित सांगतं की 80 टक्के व्यापलेल्या माणसापेक्षा 90 टक्के व्यापलेल्याकडे काम दुपटीहून जास्त वेळ खोळंबतं. 120 टक्क्यांना तर रांग संपतच नाही.

ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून कामाच्या वेळेनंतर ऑफिसच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने मिळाला, छोट्या आस्थापनांना वर्षभराने लागू झाला. पूर्णवेळ नोकरीचा इथला आठवडा 38 तासांचा. हा कायदा मला लागू आहे, पुण्यातल्या तिला नाही. माझी समुद्रावरची संध्याकाळ तिच्या संध्याकाळीतून कापून घेतलेली आहे, असं आता वाटतं.

1856 मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी आठ तासांचा दिवस मिळवला. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या कामगाराला निदान एकाच गिरणीचा भोंगा होता. हिला तीन भोंगे, आणि प्रत्येक मॅनेजरला ऐकू येतो फक्त स्वतःचा.

काही मित्र म्हणतात, "ते तिच्या पुण्यातल्या साहेबांनी बघावं." मला नाही पटत. काम टाकणारा हात आपला आहे आणि परदेशात असे हात असलेले मराठी लोक काही कमी नाहीत.

आता आम्ही तिघं दर शुक्रवारी माणसागणिक एकच यादी करतो. आठवडा 40 ऐवजी 30 तासांचा धरतो आणि सण आधी मांडतो. कोणाचं काम थांबायचं, हे तिघांपैकी एकच जण ठरवतो, म्हणजे ते ओझं तिच्यावर पडत नाही. माझं एक रिलीज दोन आठवडे पुढे गेलं. बोलणी खाल्ली. पण आभाळ कोसळलं नाही.

तुम्हीही कोणाला काम वाटत असाल, तर हिरव्या पट्टीवर विसंबू नका, माणसालाच बेरीज विचारा. आणि पुण्या-मुंबईच्या आईवडिलांनो, मुलगा "होतंय मॅनेज" म्हणाला, तर किती बोर्डांवर त्याचं नाव आहे, एवढं जरूर विचारा.