स्वादुपिंडदाह आणि उतावीळ आप्त

गेल्या श्रावणांत आमच्या साताऱ्याच्या घरीं सत्यनारायण झाला. त्याच रात्रीं आमच्या भावजयीच्या पोटांत, बेंबीच्या वर, अशी कळ उठली कीं ती थेट पाठींत गेली. घरांत तीन पिढ्यांचें शहाणपण हजर होतें. कोणी ओंवा दिला, कोणी सोडा. आम्ही स्वतः अम्लपित्ताचें निदान करून मोकळे झालों. पहांटेपर्यंत वांत्या थांबेनात, तेव्हां इस्पितळ आठवलें. तेथें कळलें कीं, पित्ताशयांतला खडा खालीं सरकून नळीच्या तोंडाशीं अडकला व स्वादुपिंडास दाह झाला.

या रोगाचें दुसरें मोठें कारण मद्य. डॉक्टरांनीं तोही प्रश्न विचारला, तेव्हां आमच्या वृद्ध मातुःश्रींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण विचारलें तें योग्यच. कित्येक प्रतिष्ठित घरांतून याचें उत्तर खोटें दिलें जातें, आणि त्याची किंमत रोगी देतो.

स्वादुपिंड हें जठराच्या मागें आडवें पडलेलें इंद्रिय. अन्न पचविणारा तीव्र रस तें तयार करितें. दाह झाला म्हणजे तो रस स्वतःच्याच घरास पचवूं लागतो. बहुतेक रोगी आठवड्याभरांत सुधारतात. थोड्यांच्या बाबतींत पिंडाचा कांहीं भाग मरतो, आणि त्यांत पू झाला म्हणजे जिवावर बेततें. भावजयीचें तसेंच झालें. तिला सांगलीस हलविलें.

तेथील डॉक्टर म्हणाले, “आतां कापावयाचें नाहीं, थांबावयाचें.” आमचे धाकटे बंधु संतापले. “दादा, पोटांत पू सांचला आहे आणि हे हात बांधून बसले आहेत! मिरजेस नेऊं.” १८९४ सालीं डॉ. वॅन्लेस यांनीं मिरजेस मिशनचें इस्पितळ काढलें, तेव्हांपासून कठीण दुखणें म्हणजे मिरज हें आमच्याकडील जुन्या घरांतलें समीकरण आहे. बंधूंचें म्हणणें आम्हांसही पटलें, हें कबूल करितों.

डॉक्टरांनीं कागदावर चित्र काढून समजाविलें. आरंभीं मेलेलें व जिवंत मांस एकमेकांत मिसळलेलें असतें. तेव्हां चाकू लावल्यास रक्तस्रावाचें भय मोठें. साधारण चार आठवड्यांनीं शरीर त्या भागाभोंवतीं आपणच भिंत बांधतें. तोंवर प्रतिजैविकें द्यावयाचीं आणि नाकांतील नळीनें अन्न. (आम्ही लंघनाचे पुरस्कर्ते, पण येथें उपाशी ठेवल्यानें आंतडीं दुबळीं होऊन जंतूंस वाट मिळते.)

पूर्वीं पोट चिरून मेलेला भाग काढीत. हॉलंडांतील शल्यवैद्यांनीं ८८ रोग्यांवर दोन पद्धति ताडून २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. एका गटाचें पोट आरंभींच उघडलें. दुसऱ्यास आधीं केवळ निचऱ्याची नळी घातली, व जरूर पडली तरच कुशींतील लहान छेदांतून दुर्बीण. मोठे उपद्रव अथवा मृत्यु पहिल्या गटांत शेंकडा ६९, दुसऱ्यांत ४०. आणि शेंकडा ३५ जणांचें नुसत्या नळीवर भागलें. मृत्यूंच्या प्रमाणांत मात्र फारसा फरक पडला नाहीं, हें लपवूं नये. तेथेंच २०२१ मध्यें असें दिसलें कीं, नळीसुद्धां घाईनें घालण्यांत लाभ नाहीं. थांबविलेल्यांपैकीं शेंकडा ३९ जणांस ती लागलीच नाहीं.

भावजय त्या भाग्यवंतांत नव्हती. पांचव्या आठवड्यांत डाव्या कुशींतून नळी घातली. ताप उतरला, पुन्हां चढला. मग बोटभर छेदांतून दुर्बिणीनें मेलेला भाग काढला, तोही दोन खेपांस. त्या दिवसांत बंधु डॉक्टरांस रोज एकच प्रश्न विचारीत, आणि ते रोज न चिडतां तेंच उत्तर देत. ती घरीं आली ती मधुमेह घेऊनच; पण आली.

पौषांत पित्ताशय काढलें, नाहीं तर हेंच पुन्हां व्हावयाचें. तेंही दुर्बिणीनेंच, आपल्या देशांत तशी पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनीं १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. इस्पितळांत केली. निघालेले खडे बंधूंनीं बाटलींत घालून आणले. ते मोहरीएवढे पाहून मातुःश्रींचा विश्वास बसेना. मोठा खडा बहुधा जागीं बसून राहतो, बारीकच नळींत उतरतो, असें डॉक्टरांनीं सांगितल्याचें बंधूंनीं त्यांस तीनदां समजाविलें.