दाराबाहेरची सुईण

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, मी डुलाचा कोर्स करतेय." मला आधी 'झुला' ऐकू आलं! मग तिने समजावून सांगितलं. बाळंतपणात बाईसोबत शेवटपर्यंत थांबणारी, कंबर चोळणारी, पाणी पाजणारी, धीर देणारी बाई म्हणजे डुला. ती बाळंतपण करत नाही, औषध देत नाही, फक्त सोबत करते. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ दासी. "तू पण कर ना, तू तर असंही सगळ्यांच्या बाळंतपणाला जाऊन बसतेस."

खरं आहे ते. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गोतावळ्यात अकरा जणींच्या उशाशी मी बसलेय. भाचीचं कौतुकच वाटलं. पण फोन ठेवला आणि तिडीक आली. भाचीवर नाही, आपल्यावर. जी बाई पुण्यात कोर्स करून तयार करावी लागते, ती आपल्याकडे गावोगाव होती, आणि तिला आपण दाराबाहेर बसवलं.

बसवलं म्हणजे अक्षरशः. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास चुलत जावेच्या बाळंतपणासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात होते (नाव सांगत नाही, तिथल्या नर्सबाईंचा राग करायचा नाहीये). रात्री एक माडिया मुलगी आणली. असेल एकोणीस-वीस वर्षांची. नवरा होता आणि गावची सुईण होती. सासू तापाने घरी पडलेली, आईचं गाव नदीपलीकडे. मुलीला मराठीचे चार शब्दही येत नव्हते. सुईणीला मोडकंतोडकं येत होतं.

दारात नर्सबाईंनी विचारलं, "तुम्ही कोण तिच्या?"

"सुईण."

"नातेवाईक पाहिजे. बाहेर बसा."

ती बसली पायरीवर. आत नर्स ओरडत होती, "झोप, पाय वर घे." मुलगी पुन्हा पुन्हा उठून उकिडवी बसत होती. तिने गावात बायकांना तसंच बाळंत होताना पाहिलेलं असणार. आतलं बाहेर सगळं ऐकू येत होतं. सुईण मला म्हणाली, "तिच्या मायचं बाळंतपण म्याच केलं. तिले सांगा, मी आहो इथंच." मी काय सांगणार? मला माडिया येत नाही. नर्सलाही येत नव्हती, आणि ती बिचारी एकटी तीन बायकांमागे धावत होती. त्या अख्ख्या इमारतीत त्या मुलीशी बोलू शकणारी एकच बाई होती, आणि ती पायरीवर.

आता कुणी म्हणेल, बाई सुईणीचे गोडवे गातेय, म्हणजे हिला घरची बाळंतपणं परत हवीत. मुळीच नाही. माझी सख्खी आत्या घरीच बाळंत होताना रक्तस्रावाने गेली. सुईण उशाशी होती, काहीही करू शकली नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलोय. म्हणून तर लांबच्या गावांतल्या बायकांना दिवस भरत आले की आरोग्य केंद्राजवळ राहता यावं यासाठी माहेरघरं निघाली. योजना चांगली, नाव त्याहून चांगलं. पण माहेरात ठेवून घ्यायचं आणि कळा सुरू झाल्या की एकटीला आत न्यायचं, हे कसलं माहेर?

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात गेली. योग्यच झालं. चूक एवढीच झाली की सुईणीची दोन कामं होती हे कुणी पाहिलं नाही. एक बाळंतपण करण्याचं. ते डॉक्टर-नर्सनी घेतलं, घ्यायलाच हवं होतं. दुसरं सोबतीचं, ते कुणीच घेतलं नाही.

आणि हे दुसरं काम म्हणजे लाडकोड नव्हे. कॉक्रेनने २०१७ मध्ये २६ अभ्यास एकत्र तपासले, १७ देश, पंधरा हजारांवर बायका. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझेरियन कमी, कळांचा वेळ कमी. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, बाईच्या पसंतीची सोबतीण द्या आणि तिला हव्या त्या स्थितीत बाळंत होऊ द्या, बसूनसुद्धा. म्हणजे त्या माडिया मुलीचं चुकत नव्हतं!

आपल्या सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला परवानगी दिली. पण अट काय, तर ती नात्यातली स्त्री हवी. झालं! शहरातली नणंद चालते, जिने मुलीच्या आईलाही बाळंत केलं ती चालत नाही. आणि जिला नातंच उरलं नाही तिचं काय? लग्नाआधी दिवस गेलेली, सासर-माहेर दोन्हीकडून टाकलेली. सोबतीची सर्वांत जास्त गरज तिलाच, आणि नियम नेमका तिलाच एकटी पाडतो.

गडचिरोलीत तर हे कळायला जिनेव्हाला जायला नको. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने इथेच गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आल्याचं जगाने वाचलं. तिथे आरोग्यदूत दाईच्या सोबतीने काम करत होती, तिला हाकलून नव्हे.

माझं म्हणणं साधं आहे. नियमातला 'नात्यातली' हा शब्द काढा, 'बाईने सांगितलेली' असं लिहा. सुईणीला हात धुवायला लावा, स्वच्छ कपडे द्या, उपचारात हात घालायचा नाही हे बजावा, आणि आत बसवा. रात्रीचे शे-दोनशे रुपयेही द्या, फुकट कशाला? बोली येणारी सोबतीण मिळाली तर नर्सचंही अर्धं ओझं उतरेल.

त्या मुलीला पहाटे मुलगा झाला. दोघं सुखरूप. टाके बरेच पडले.

भाचीला सांगितलंय, तुझ्या कोर्सचे कागद पाठव. मी मराठीत करून घेते. माडियात सांगणारी बाई मला माहीत आहे.