सॅकमधला शिधा आणि रोजचे ताट

बेंगळुरूतील नोकरदार मराठी घरात स्वयंपाकाचे कौशल्य बहुधा शाबूत असते, पण त्याला लागणारा वेळ नेमका नको त्या घटकेला मागितला जातो. आउटर रिंग रोडवरच्या वाहतुकीतून वाट काढत रात्री साडेआठला घरी पोहोचलेल्या माणसाला कांदा चिरण्यापासून सुरुवात करणे जिवावर येते आणि त्याचा हात मोबाइलकडे वळतो. स्विगी २०१४ साली याच शहरात सुरू झाली आणि वाढली, यात नवल नाही. मात्र घरपोच मागवलेल्या जेवणाइतकाच झटपट, आणि खिशाला व पोटाला त्याहून अधिक मानवणारा उपाय शनिवार-रविवारी सावनदुर्ग किंवा स्कंदगिरी चढायला जाणाऱ्यांच्या पाठीवर असतो. गिर्यारोहकाचा शिधा, म्हणजे वजनाला हलका, न नासणारा आणि केवळ उकळते पाणी घातले की खाण्याजोगा होणारा कोरडा आहार, आठवड्यातील दोन-तीन रात्रींसाठी घरात असायलाच हवा.

या शिध्यामागचे शास्त्र साधे आहे. अन्न नासते ते त्यातील मोकळ्या पाण्यामुळे, म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येईल अशा पाण्यामुळे. हे प्रमाण ‘जलक्रियाशीलता’ या शून्य ते एक अशा मापाने मोजतात आणि ते ०.६ च्या खाली गेले की कोणतेही जिवाणू किंवा बुरशी वाढू शकत नाहीत. गिर्यारोहक शिजवलेल्या अन्नातले पाणी घरीच काढून टाकतो आणि मुक्कामावर ते परत घालतो. दुसरी पद्धत रिटॉर्ट पाकिटाची: अन्न ओलेच ठेवून अनेक पदरी पाकिटात हवाबंद करायचे आणि सुमारे १२१ अंश सेल्सिअसला दाबाखाली निर्जंतुक करायचे. या तंत्रावर भारतात मोठे काम झाले ते बेंगळुरूपासून जवळच, म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत. १९६१ साली सैन्याच्या आहारासाठी स्थापन झालेल्या या संस्थेने १९८४ मध्ये राकेश शर्मा यांच्या अंतराळप्रवासासाठीही भारतीय पदार्थ तयार करून दिले होते. तयार कोरडे अन्न शहराच्या बाजारातही आले: बेंगळुरूच्या ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ने, म्हणजे १९२४ सालच्या एमटीआर या उपाहारगृहाने, आणीबाणीत उपाहारगृहांचे दर सक्तीने उतरवले गेल्यावर तयार पिठांच्या धंद्यात पाऊल टाकले. सैनिक, अंतराळवीर आणि डोंगर चढणारे यांच्यासाठी जे सोयीचे ठरले, ते शहरी स्वयंपाकघराला परके मानण्याचे कारण नाही.

मराठी घराला तर ते मुळीच परके नाही. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचे पीठ आणि पोहे या सर्वांत धान्य आधीच भाजून किंवा उकडून ठेवलेले असते, म्हणजे शिजवण्याचे निम्मे काम सवडीच्या दिवशी उरकलेले असते. कन्नड शेजाऱ्याकडेही हीच रीत दिसते: नाचणी फुलवून दळलेले हुरिहिट्टु ताकात कालवले की न्याहारी होते, आणि पोह्यांचा रवा चिंचेच्या गोज्जूत भिजवला की गोज्जवलक्की. गिर्यारोहकाने या परंपरेत भर घातली ती एवढीच की त्याने पूर्ण शिजलेले जेवणही वाळवून ठेवायला सुरुवात केली.

मूगडाळीची खिचडी घ्यावी. ती मऊ, पण तेल-तूप न घालता शिजवावी, कारण चरबी वाळत नाही आणि साठवणीत खवट होते. ताटात पातळ पसरून विजेच्या वाळवणी यंत्रात साधारण ६० अंशांवर आठ-दहा तास ठेवली की दाणे कडक होऊन खुळखुळतात. त्यासोबत बारीक चिरून वाफवलेले गाजर, मटार आणि फरसबी वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. रात्री रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये एक वाटी कोरडी खिचडी आणि तिच्या दुपटीला थोडे कमी उकळते पाणी घालून वीस मिनिटे झाकून ठेवले की जेवण तयार होते. तूप आणि लिंबू वरून. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने पाणी येथे ९७ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घेणे फायद्याचे ठरते. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे. कच्चा राजमा थर्मासमध्ये कधीही भिजवून शिजवू नये, कारण त्यातील विषारी घटक खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. पाणी घातलेला भातही तासन्‌तास कोमट न ठेवता लगेच संपवावा.

या शिध्यावर घेतला जाणारा सर्वांत सबळ आक्षेप आहाराचा आहे आणि तो मान्य करावा लागतो. डोंगरावरचे जेवण घाम गाळणाऱ्या शरीरासाठी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार जड श्रम करणाऱ्या पुरुषाला रोज ३४७० किलोकॅलरी लागतात, तर बैठे काम करणाऱ्याला २११०, आणि बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १६६०. म्हणून सॅकमधला सुकामेवा, गूळ-शेंगदाण्याची वडी आणि मिठाचे सढळ प्रमाण कार्यालयात बसणाऱ्याने जसेच्या तसे उचलू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि बाजारातील तयार पाकिटांत बरेचदा त्यातला मोठा वाटा एका बैठकीत पोटात जातो; घरचा शिधा येथेच सरस ठरतो. वाळवताना क जीवनसत्त्व बरेच कमी होते, तेव्हा काकडीची कोशिंबीर आणि दही ताटात हवेच.

दुसरा प्रश्न श्रमाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. उन्हाळी वाळवणे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच केली, आणि रविवारचे हे कामही त्याच हातांवर पडणार असेल, तर मंगळवारच्या रात्रीची सोय ही कोणाच्या तरी सुट्टीची वजाबाकी ठरेल. ट्रेकच्या गटात शिधा प्रत्येक जण मोजतो, भरतो आणि वाहतो. तीच वाटणी घरातही व्हावी. केवळ किटली बाळगण्याची परवानगी असलेल्या पीजीतल्या मुलामुलींना तर हे कौशल्य विशेष उपयोगी आहे. शहरातल्या मराठी मंडळांना यात ठोस काम करता येईल: सभासदांसाठी एक मोठे वाळवणी यंत्र घेऊन ते महिन्यातून एकदा सामाईक चालवावे, आणि नव्याने शहरात आलेल्यांना त्या दिवशी बोलावून भाजणी, मेतकूट आणि वाळवलेली खिचडी स्वतःच्या हाताने करून, बरणीवर तारीख लिहून नेऊ द्यावी.