‘पाणी कमरेएवढंच होतं, डॉक्टर’

काही वर्षांपूर्वीची रविवारची दुपार. अपघात विभागाच्या दारात एक रिक्षा येऊन थांबली. तिघे मुलगे, अंगभर ओली वाळू, आणि त्यांच्या मांड्यांवर आडवा घेतलेला चौथा. वय एकोणीस. परीक्षा संपली म्हणून चौघे मढच्या बाजूला समुद्रावर गेले होते. आम्ही पाऊण तास प्रयत्न केले. उपयोग झाला नाही. बाहेर व्हरांड्यात त्याचा मित्र भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘पाणी कमरेएवढंच होतं, डॉक्टर.’

तो खोटं बोलत नव्हता. पाणी खरंच कमरेएवढं होतं.

पुढच्या तासाभरात आणखी दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे मुलाने घरी ‘जादा तास आहे’ असं सांगितलं होतं. आईवडील आले ते समुद्राचं नाव ऐकून आधी विश्वासच ठेवेनात. दुसरी गोष्ट अशी, की मित्रांनी त्याला बाहेर काढल्यावर उलटा धरून हलवलं, पोट दाबलं, पाणी निघतंय का पाहिलं. मदतीसाठी फोन करायला उशीर झाला, कारण ‘घरी कळलं तर?’ हा प्रश्न तिघांच्याही मनात होता. त्यांनी जमेल ते सगळं केलं. कोणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे जे केलं ते चुकीचं होतं.

तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत असे प्रसंग मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहेत. दर वेळी दुसऱ्या दिवशी मागणी होते ती बंदीची. मुलांना समुद्रावर जाऊ देऊ नका, सहली बंद करा. डॉक्टर म्हणून माझं मत याच्या उलट आहे. मुलांना जाऊ द्या, पण समुद्र शिकवून पाठवा.

मढला मुलं का जातात, हे आधी समजून घेऊ. मालाड स्टेशनबाहेर २७१ नंबरची बस पकडायची, मार्वे रोडने खाडी आणि तिवरं बघत जायचं. नाहीतर वर्सोव्याहून फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत पलीकडे. कोळीवाड्यात वलांडीवर वाळणारे बोंबील, एरंगळचं सोळाव्या शतकातलं चर्च, मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला, जो आज बाहेरूनच पाहावा लागतो. खिशात दोनशे रुपये असलेल्या विद्यार्थ्याला मुंबईत एवढं मोकळं आकाश दुसरीकडे कुठे मिळतं? अठरा-वीस वर्षांच्या मुलाने दिवसभर मोबाइल आणि क्लास यांतच राहावं, असं कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. मित्रांबरोबरची अशी भटकंती मनाच्या तब्येतीला हवीच असते.

बंदीने ही भटकंती थांबत नाही, ती लपून होते. घरी खोटं सांगितलं जातं. जिथे जीवरक्षक शिट्टी मारतो तो किनारा सोडून, ओरडायला कोणी नसलेली जागा शोधली जाते. आणि काही घडलं, की फोन करायला हात कचरतो. बुडण्याच्या अपघातात खरी किंमत मिनिटांची असते. ती मिनिटं लपवाछपवीत जातात.

नियम हवेत, पण ते पुरेसे नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. ती चोरून काढलेली सहल नव्हती, सोबत शिक्षक होते. पावसाळा नव्हता, रात्रही नव्हती. तिथे परवानगी होती आणि माणसंही होती. तरीही अशा ठिकाणी कामाला येते ती समोरचं पाणी वाचता येण्याची सवय, आणि ती परवानगीच्या कागदाबरोबर मिळत नाही.

आता त्या ‘कमरेएवढ्या’ पाण्याकडे येऊ. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचं वजन हजार किलोंपेक्षा जास्त असतं. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसावर लाट येते तेव्हा हे वजन धावत येत असतं आणि परत जाताना पायाखालची वाळूही ओढून नेतं. त्यात आक्सासारख्या किनाऱ्यांवर वाळू सारखी हलत असते. गेल्या महिन्यात जिथे उथळ होतं, तिथे आज खड्डा असू शकतो. एक पाऊल पुढे टाकलं, की कमरेचं पाणी गळ्याशी येतं.

दुसरा धोका परतीच्या प्रवाहाचा. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठूनतरी परत जाणारच. ते वाळूच्या उंचवट्यांमधली फट शोधतं आणि अरुंद पट्ट्यातून जोरात आत, समुद्राकडे धावतं. गंमत अशी, की हा पट्टा दिसायला सर्वांत शांत असतो. आजूबाजूला लाटा फुटून फेस होत असतो आणि मधल्या पट्टीत लाटा फुटत नाहीत. पोहायला नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो. या प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. साधारण पोहणारा सेकंदाला एक मीटरही जात नाही. म्हणजे किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारणारा माणूस जागच्या जागी दमतो आणि दमल्यावर बुडतो. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. म्हणून त्याच्याशी झुंजायचं नाही. पाठीवर तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर सरकत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं. एवढं एक वाक्य ठाऊक नसल्याने चांगले पोहणारेही गेले आहेत.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. दिवसात साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढे. कोकणात याचा सोपा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, त्यात थोडा फरक पडतो. नेमकी वेळ मोबाइलवर मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त जोराने उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती सौम्य. खडकांवर फोटो काढत बसलेल्या मुलांच्या मागची वाट भरतीने बंद होते ती बहुधा उधाणाच्या दिवसांत. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते कोळी बांधव ज्या दिवसांत पाण्यात जात नाहीत, त्या दिवसांत आपण मौजेसाठी गुडघ्यापर्यंतसुद्धा उतरू नये. किनाऱ्यावर बसून पाऊस बघावा, भजी खावी.

दारूबद्दल स्पष्ट लिहितो, कारण घरात हा विषय टाळला जातो. मढमध्ये रात्रभरासाठी बंगले भाड्याने मिळतात. पार्टीनंतर पहाटे पाण्यात उतरण्याची लहर येते. दारूने अंदाज चुकतो, हातापायांचा ताळमेळ जातो आणि भीती वाटेनाशी होते. पाण्यात हीच भीती आपलं रक्षण करत असते. ग्रुपमध्ये एकाने तरी न पिता राहावं आणि बाकीच्यांना पाण्यापासून लांब ठेवावं.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, हेही लक्षात ठेवा. तोंड पाण्याच्या वरखाली होत असताना श्वास घ्यायलाच वेळ नसतो, मग ओरडणार कसा? डोकं मागे, तोंड उघडं, हात पाण्यावर दाबल्यासारखे. लांबून तो खेळतोय असंच वाटतं. ‘ठीक आहेस ना?’ या हाकेला उत्तर आलं नाही, तर तो बुडतो आहे असंच समजा.

पण लगेच उडी मारू नका. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना मुली समुद्रात पडल्या. त्यांना वाचवायला उडी घेतलेला एक तरुणही परत आला नाही. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. जीवरक्षकाला हाक मारा. तरंगणारं काहीही फेका: झाकण लावलेला रिकामा कॅन, थर्मोकोलचा खोका, ओढणीला बांधलेली बाटली.

बाहेर काढल्यावर काय करायचं? उलटं टांगू नका, पोट दाबू नका. फुप्फुसांत गेलेलं पाणी बहुधा थोडंच असतं आणि ते असं निघत नाही. निघतं ते पोटातलं, आणि ते श्वासनलिकेत जाऊन आणखी नुकसान करतं. बुडालेल्या माणसाला हवा असतो तो प्राणवायू. तो मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने श्वास चालू आहे का, ते दहा सेकंदांत पाहावं. नसेल तर त्याला पाठीवर झोपवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा. आधी दोन ते पाच श्वास, मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी तीस वेळा दाब, मग दोन श्वास. हेच चक्र चालू ठेवायचं. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, वेग मिनिटाला १०० ते १२०. मदत पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. आणि तो उठून बसला, ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी दवाखान्यात आणा. पाणी आत गेलं असेल, तर पुढच्या काही तासांत श्वास बिघडू शकतो. आम्ही पोलिसांची भीती घालणार नाही, तपासणार आहोत.

हे सगळं शिकवायला किती वेळ लागतो? माझ्या हिशेबाने दीड तास. त्यातला अर्धा तास पुतळ्यावर छाती दाबण्याच्या सरावाचा. अकरावी आणि प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यात हा दीड तास मिळावा, अशी माझी मागणी आहे. राष्ट्रीय सेवा योजना जवळपास प्रत्येक महाविद्यालयात आहे. सरकारी रुग्णालयांत शिकवू शकणारे डॉक्टर आणि परिचारिका आहेत. पालकांकडून ‘आमची जबाबदारी’ असं लिहून घेतलेल्या हमीपत्राने एकही मूल तरंगत नाही.

महापालिका गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या चौपाट्यांवर जीवरक्षक ठेवते, हे चांगलंच आहे. पण मुलं तेवढ्याच चौपाट्यांवर जात नाहीत. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली. लाल-पिवळ्या झेंड्यांमध्येच पोहायचं आणि लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही, हे तिथे पर्यटकही शिकतात. मढ, एरंगळ, आक्साच्या कोळीवाड्यांत समुद्र हाताच्या रेषांसारखा ओळखणारी तरुण मुलं आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि वेळेवर पगार देऊन कायमचं काम द्या. किनाऱ्यावर ‘येथे पोहणे धोक्याचे आहे’ या गंजलेल्या पाटीऐवजी आजच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि आज कुठे उतरू नये, ते खडूने लिहिलेला फळा लावा. त्याला मोठा खर्च येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. त्याच वर्षी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिन ठरला. आपल्याकडे ही तारीख ऐन पावसाळ्यात, महाविद्यालयं नुकतीच सुरू झालेली असताना येते. त्या दिवशी हा दीड तास द्यायला काय हरकत आहे?

पालकांना शेवटी एवढंच सांगेन. मूल ‘मढला जाऊ का?’ असं विचारत असेल, तर ते तुमच्याशी खरं बोलतंय. त्याला ‘नाही’ म्हणून गप्प करू नका. दोन प्रश्न विचारा: ‘भरती किती वाजता आहे?’ आणि ‘तिथे जीवरक्षक आहे का?’ उत्तरं त्याला शोधू द्या. आणि निघताना सांगा, ‘काहीही झालं तरी आधी १०८ ला फोन कर, मग मला. मी रागावणार नाही.’

त्या रविवारी त्या तिघांना हे एक वाक्य घरून मिळालं असतं, तर निदान फोन वेळेत झाला असता.