पुसली जाणारी झेरॉक्स : दोष मशीनचा की आपला?

तळ्याच्या बाजारात झेरॉक्सचे दुकान चालविणे म्हणजे काय, हे पावसाळ्यात कळते. मांदाडकडून आलेला माणूस सातबारा, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती काढतो आणि घडी करून खिशात ठेवतो. तहसील कचेरीच्या खिडकीशी घडी उलगडावी तर घडीवरची अक्षरे गळालेली आणि बोटांना काळी पूड लागलेली. कारकून कागद परत करतो. गाडी चुकते, दिवसाची मजुरी बुडते. दुकानदार मात्र म्हणतो, "काय करणार चाचा, मशीन जुनी झाली." हे उत्तर आम्हाला मान्य नाही. आमच्या पाहण्यात मशीनचा दोष शेवटी येतो. त्याआधी कागद, वीज आणि पावडर यांची झडती घ्यायची असते.

टोनर ही शाई नव्हे. ती काजळी मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक भुकटी आहे. ड्रमवरून ती कागदावर येते तेव्हा नुसती विजेच्या ओढीने बसलेली असते, फुंकरीनेही उडेल. पुढे फ्यूजरमध्ये एक तापलेला आणि एक रबरी असे दोन रोलर तिला वितळवून कागदाच्या तंतूंत दाबतात. तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस लागते. उष्णता किंवा दाब, दोहोंपैकी एक कमी पडले की अक्षर वरवर राहते.

अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अशी पहिली प्रत काढली. पुढे या विद्येला जे नाव मिळाले ते 'कोरडे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. कोरडे लेखन! आणि आपण ते कोकणच्या जुलैमध्ये करायला बसलो आहोत.

म्हणून पहिला संशय कागदावर घ्यावा. ७५ जीएसएमचा ए-फोर कागद जेमतेम पावणेपाच ग्रॅमचा असतो. हवेतली ओल त्याने शोषली की फ्यूजरची उष्णता आधी ते पाणी उडविण्यात खर्ची पडते आणि टोनर अर्धकच्चा राहतो. प्रत बाहेर येताना वाफ दिसते, कागद वळतो, वारंवार अडकतो, या ओलीच्याच खुणा. परीक्षा सोपी आहे. नवे बंद रीम फोडून त्याच क्षणी दहा प्रती काढाव्यात. त्या पक्क्या निघाल्या तर मेकॅनिकला बोलावण्याचे कारण नाही.

दुसरा संशय विजेवर. २३० व्होल्टच्या जागी १८० आले की हीटरची ताकद साधारण एक-तृतीयांशाने घटते. अशा वेळी पहिल्या पाच-दहा प्रती चांगल्या येतात आणि पुढच्या पुसल्या जातात, कारण साठलेली उष्णता संपते व नवी तितक्या वेगाने भरत नाही. याउलट सकाळच्या पहिल्याच प्रती कच्च्या येत असतील तर मशीन पुरती तापू द्यावी, एवढेच. घरच्या फ्रीजचा स्टॅबिलायझर इथे चालत नाही. मशीनच्या पाठीवरील पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, ते वाचून घ्यावा.

आता पावडर. इथे आमच्या बांधवांना थोडे कडवट बोलावे लागेल. सुट्या पिशवीतली स्वस्त पावडर भरली जाते. प्रत्येक मशीनचे तापमान तिच्या टोनरच्या वितळण्यावर बेतलेले असते. दुसऱ्या मशीनची पावडर उशिरा वितळणारी निघाली की सर्वच प्रती, कोरड्या कागदावरही, सारख्या पुसल्या जातात. मग मेकॅनिक सेटिंगमध्ये जाऊन तापमान वाढवितो. चार दिवस बरे वाटते, आणि नंतर रोलरचा लेप जळून पानावर सावल्या उमटू लागतात. पिशवीत वाचलेले पैसे रोलरमध्ये जातात. पावडर बदलली तरी जुनी आत मिसळलेली असते, तेव्हा पहिल्याच दिवशी निकाल मागू नये.

आणि तोवर गिऱ्हाईकाला काय द्यायचे? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, ही सहीह मुस्लिममधील हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. व्यापाऱ्याने पावसाचे निमित्त सांगितले. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, हा त्यावरचा सवाल होता. पावसाचा बहाणा तिथे चालला नाही, तो तळ्यात कसा चालावा? प्रत हाती देण्यापूर्वी एक घडी घालून कापडाने चोळावी. पूड निघाली तर पैसे घेऊ नयेत. काही जण तीच प्रत कोऱ्या पानासारखी पुन्हा मशीनमधून काढतात. त्याने अक्षर धरते, अडल्या वेळी ठीक आहे, पण तो इलाज नव्हे.

निकाहाच्या पत्रिका जाड, खरबरीत कार्डावर काढणाऱ्यांची तक्रार निराळी असते. तिथे जाड कागदाचे सेटिंग लावल्याशिवाय टोनर धरणारच नाही, आणि खरबरीत कार्डाच्या खाचांत दाब पोहोचत नसल्याने सेटिंग लावूनही खात्री नाही. गुळगुळीत कार्ड सुचवावे.

एवढे सारे पाहूनही पानाच्या एकाच कडेला अक्षर पुसले जात असेल तर मात्र रबरी रोलर झिजलेला किंवा त्याची स्प्रिंग ढिली, असे समजून माणगावहून मेकॅनिक बोलवावा. तो काम करताना शेजारी उभे राहावे. फ्यूजरमधला थर्मल फ्यूज उडाला की काही जण तिथे सरळ तार जोडून देतात. मशीन चालू होते खरी, पण बेफाम तापली तर तोडणारे काही उरत नाही, आणि दुकानात चहूकडे कागदच असतो. असा जोड करू देऊ नये, मेकॅनिक कितीही ओळखीचा असला तरी.

राहिला कागद ठेवण्याचा प्रश्न. रात्री दुकान बंद करताना ट्रेमधला उरलेला कागद काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, रीम जमिनीला वा भिंतीला टेकवू नये, आणि लागेल तितकेच फोडावे. घरी पापड आपण असेच ठेवतो.